लेकुरवाळ्यांचा डोह

भीमसिंग तांडा, ता. सेनगाव
११ डिसेंबर २००६

निताबाई,

पाकिटावरचं अक्षर तुम्ही ओळखणार नाही, म्हणून आधीच सांगते. मी सुनिता, तुमच्या रणजीतभाऊची बायको. तुम्ही घर सोडलं तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि माझं तोंड बहुतेक वेळ घुंगटातच असायचं, तेव्हा चेहरा आठवायची तसदी घेऊ नका. पत्ता कुठून मिळाला ते विचारू नका. विचारलंत तर मी खोटं सांगेन, आणि मला खोटं बरं जमतं.

घाबरू नका, कुणी गेलेलं नाही. तुमची याडी, म्हणजे माझ्या सासूबाई, ठणठणीत आहेत. सकाळी माझ्यावर ओरडून झालं की दुपारी त्यांचा आवाज बसतो, एवढीच काय ती तब्येतीची तक्रार. तुमचं नाव मात्र या घरात निघत नाही. तुम्ही धम्मदीपरावांशी लग्न केलंत तेव्हापासून कुणी विचारलं की याडी सांगतात, मला एकच लेकरू. तुम्ही एकदा दारापर्यंत येऊन परत गेलात तेही मला माहीत आहे.

पत्र कशाला लिहिते ते सांगते. तुम्ही औरंगाबादला कॉलेजात किड्या-मुंग्यांचं, पाण्यातल्या जिवांचं शिकवता असं ऐकलं. मला एवढंच विचारायचंय की खेकडीच्या पोटाखाली अंडी किती दिवस राहतात?

हसू नका. आपली रीत तुम्हाला मी सांगायला नको. डोहात हात घालून खेकडा काढायचा, उलटा करायचा, पोटाखालचं झाकण बोटानं उचलून बघायचं. अंडी-पिलं असली तर ती लेकुरवाळी, तिला जिथून काढली तिथंच सोडायची. पावसाळ्यात सगळ्या लेकुरवाळ्या असतात, म्हणून तेव्हा कुणी डोहावर जात नाही. पोळ्याच्या पुढे-मागे पिलं सुटतात आणि दसऱ्यानंतर बायका टोपली घेऊन निघतात. यंदा दसरा गेला, दिवाळी गेली, आता थंडी पडली, आणि अजून जी खेकडी काढावी ती लेकुरवाळी. पोट गच्च भरलेलं. सोडायची आणि दुसरी काढायची, तर तीही तशीच. गेल्या साली थोडं असंच झालं होतं, पण तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. नर सापडले तेवढे खाऊन झाले.

याडी म्हणतात, एवढी बरकत त्यांनी जन्मात पाहिली नाही. पाणीही असं झालंय की तळाचा खडा न खडा दिसतो. पूर्वी हिरवट असायचं ना? आता काठावर शेवाळाचा एक धागा नाही. पाय घसरत नाही म्हणून म्हाताऱ्या खूश आहेत.

मला मात्र तिथं उभं राहवत नाही. कारण एवढ्या लेकुरवाळ्या असून पिलू एकही नाही. नखाएवढं नाही, बोटाएवढं नाही. सगळे तळहाताएवढे जुने खेकडे, घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांसारखे स्वच्छ. पाण्यात हात घातला तर पळतही नाहीत. गोगलगायींचंही तेच. दगडाखाली त्यांच्या अंड्यांचे चिकट गोळे आहेत, ते फुटत नाहीत, वाळत नाहीत, आहेत तसे आहेत.

माझ्या लग्नाला सात वर्षं होतील. मला लेकरू नाही. त्यामुळे मी पोटाखाली बघते तेव्हा जरा जास्तच वेळ बघते, असं बायका म्हणतात. म्हणू देत.

उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा, मी तिथं खिचडी शिजवते. फोन नको. घरात एकच मोबाईल आहे आणि तो तुमच्या भावाच्या खिशात असतो.

तुमची भावजय,
सुनिता


भीमसिंग तांडा
१८ फेब्रुवारी २००७

निताबाई,

तुमचं पत्र मिळालं. नाव नाही, गाव नाही, ख्यालीखुशाली नाही, सरळ प्रश्नपत्रिका. पाणी कुठून येतं, वर काय आहे, कधीपासून. मास्तरीण शोभता खऱ्या. पण शेवटी एक ओळ होती की तुम्हाला मुलगी आहे, आकांक्षा, पाच वर्षांची. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. खरं सांगू, आधी हेवा वाटला आणि मग बरं वाटलं. याडींना सांगितलेलं नाही.

म्हणजे त्या दिवशी दाराबाहेर तुम्ही एकट्या नव्हता.

तुम्ही लिहिलंत की मेलेली अंडी खेकडी सहसा स्वतःच झाडून टाकते, महिनोन् महिने धरून ठेवत नाही. मग या का धरून ठेवतात? तुम्हालाही कळत नाही असं तुम्ही लिहिलंत, आणि तेच वाचून मला जास्त भीती वाटली. शिकलेल्या माणसानं मला कळत नाही म्हणावं हे बरं लक्षण नव्हे.

वर काय आहे म्हणता. ओढ्याला सगळ्यांत वर वसरामकाकांचा मळा आहे, त्याच्या खाली सोयाबीन आणि तुरीची रानं, आणि मग आपलं रान. त्यात तुमच्या भावाची शेड. दोन वर्षांपूर्वी नागपूरकडच्या एका शेठनं यंत्रं दिली, जागा आपली. पाण्याच्या फिल्टरच्या कांड्यांना आणि कसल्याशा कपड्याला लावायचं औषध करतात. शेडमधलं मला फार माहीत नाही, बायकांना आत सोडत नाहीत.

इथं आता वेगळंच सुरू झालंय. आपल्या डोहातली प्रत्येक खेकडी लेकुरवाळी आहे ही गोष्ट सेनगावच्या बाजारात गेली, तिथून कळमनुरीला गेली. बायका येऊ लागल्या आहेत, जीप करून. ज्यांना मूल नाही त्या. याडी डोहाच्या मोठ्या दगडावर बसतात. आलेली बाई समोर पदर पसरून बसते. याडी पाण्यातून खेकडी काढतात, पाठीकडून धरून, पोट वर करून, आणि बाईच्या पदरात ओटी घालावी तशी क्षणभर ठेवतात. मग खेकडी पाण्यात सोडायची आणि बाईनं त्याच पाण्याची ओंजळ प्यायची. याडी कुणाकडून काही घेत नाहीत. एका बाईला नांगी लागून रक्त आलं तर बाकीच्या तिचा हेवा करू लागल्या.

मीही बसले, निताबाई. सगळ्यांत आधी मलाच बसवलं. पदरातली खेकडी नांग्या दुमडून गप्प बसली होती, आणि तिच्या पोटाखालची अंडी उन्हात नारिंगी चमकत होती. याडींनी मला सांगितलं, रोज सकाळी डोहाचा तांब्या भरून प्यायचा, लेकरू होईपर्यंत. मी पिते. पाण्याला चव नाही, वास नाही. तुम्ही पिऊ नको म्हणून लिहाल हे मला ठाऊक आहे. लिहा. पण ज्याला सात वर्षं कुणी काही दिलं नाही, त्याच्या हातात कुणी तांब्या दिला तर तो सोडवत नाही.

सुनिता


भीमसिंग तांडा
२२ एप्रिल २००७

निताबाई,

तुम्ही एवढं रागानं लिहाल असं वाटलं नव्हतं. कागद फाटेपर्यंत पेन दाबलंत. वाचून मी शाळेच्या चुलीपाशी बसून रडले, आणि मग खिचडी करपली म्हणून मुलांच्या शिव्या खाल्ल्या. कुणीतरी माझ्यावर हक्कानं रागावलं याला बरीच वर्षं झाली होती.

तुमची गोष्ट मला जेवढी कळली तेवढी लिहिते, चुकलं तर सांगा. औषध चांदीचं असेल, असं तुम्ही म्हणता. पण दागिन्यातली चांदी नव्हे, इतके बारीक कण की फडक्यातून जातात, वाळूतून जातात, अंड्याच्या सालीतूनही आत जातात. ते पाण्यातले जंतू मारतात, म्हणून फिल्टरला लावतात. पण पाण्याला कुठला जंतू आणि कुठला जीव हे कळत नाही. आधी शेवाळ जातं, मग शेवाळावर जगणारे डोळ्यांना न दिसणारे जीव, आणि मोठे राहतात, पण त्यांची अंडी उबत नाहीत. माणसावर काय होतं ते अजून कुणी सांगू शकत नाही, असंही लिहिलंत. ते लिहिलं नसतंत तरी चाललं असतं, पण खोटं लिहिलं नाहीत हे बरं केलंत.

आता एक ऐका. माझा तांब्या सांडतो.

पहिल्यांदा तुमच्या भावाचा धक्का लागून सांडला, मला काही वाटलं नाही. दुसऱ्यांदा बैल सोडताना त्यांच्या हातातल्या दोरानं. मग चपलेनं. रात्री झाकून ठेवलेला तांब्या सकाळी पालथा असायचा आणि मांजराचं नाव यायचं. आपल्याकडे मांजर नाही. मी पुन्हा भरून आणायचे आणि दुपारपर्यंत तो पुन्हा सांडलेला असायचा. हे कधी रागानं नाही, बोलून नाही. ते स्वतःसाठी मात्र सेनगावचं पाणी कॅनमध्ये घेऊन येतात, पोट बिघडतं म्हणून. म्हणजे या दोन-अडीच महिन्यांत माझ्या पोटात किती पाणी गेलं असेल कोण जाणे. थोडंच गेलं असेल.

हे मला तुमचं पत्र वाचताना सुचलं. तोवर मी त्यांना वेंधळा म्हणत होते.

डोहावर आता मच्छर नाहीत. एप्रिलात संध्याकाळी बेडकं ओरडायची, तीही नाहीत. पाखरं पाण्यावर येतात, बसतात आणि न पिता उडतात, किंवा मला तसं वाटतं. आणि परवा पहाटे हापशावर गेले तर ओट्यावर एक खेकडी होती. डोहापासून हापसा किती लांब आहे तुम्हाला माहीत आहे, मध्ये सगळा चढ आणि तापलेली माती. हापशाच्या तोटीखाली जे वाटीभर पाणी साचतं त्यात ती पोट टेकून बसली होती. उलटी केली, लेकुरवाळी. मी रीतीप्रमाणे तिला डोहात नेऊन सोडली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथंच होती. तीच असेल असं मी कशावरून म्हणते? एक नांगी अर्धी तुटलेली होती.

तिसऱ्यांदा मी तिला नेलं नाही.

तुम्ही सांगितलं तसं, पाऊस लागला की करीन. शेडच्या वर, वसरामकाकांच्या मळ्यात विहिरीचं पाणी ओढ्याला लागतं तिथल्या लेकुरवाळ्या आणायच्या, निम्म्या हापशाच्या पाण्यात ठेवायच्या, निम्म्या डोहाच्या. आयुष्यात पहिल्यांदा लेकुरवाळीला तिच्या पाण्यातून उचलणार आहे.

सुनिता


भीमसिंग तांडा
२० जुलै २००७

निताबाई,

पिलं झाली.

दोन घमेली मी गोठ्यामागे फरशीच्या आडोशाला ठेवली होती. दोन्हींत खालून दगड, वरून बोटभर पाणी, दोन्हींत तीन-तीन खेकड्या, दोन्हींना तोच भात आणि तोच पाला. एकीवर काही ठरत नाही म्हणालात म्हणून तीन. याडींना वाटतं मी नवसाचं काही करते आहे. तसं बघितलं तर करतेच आहे.

हापशाच्या घमेल्यात परवा एकीला उचललं तर झाकणाखाली हालचाल दिसली. राळ्याच्या दाण्याएवढी, पण पाय असलेली. पुरते खेकडेच, फक्त इवलेसे. एक माझ्या बोटावर चढलं आणि चालू लागलं, जणू त्याला कुठं जायचंय ते पक्कं ठाऊक होतं. मी तिथंच बसले आणि हसू लागले. मग दुसरीची निघाली, मग तिसरीची.

डोहाच्या घमेल्यातल्या तिघी तशाच आहेत. अंडी आधी नारिंगी होती, आता पांढरट पडलीत. झाडून टाकत नाहीत. पोटाखाली घट्ट धरून बसतात आणि मागच्या पायांनी त्यांना हलवत राहतात, हवा घालावी तसं. मी तासभर बघत होते, थांबल्या नाहीत. मेलेल्याला हवा घालताना बघवत नाही. मला तिथून उठवतही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी तुमच्या भावाला दोन्ही घमेली दाखवली. त्यांनी दोन्हींत वाकून बघितलं. मग जे सांगितलं ते असं. शेडमधली पिंपं धुतलेलं पाणी आधी रानात सोडायचे. पण त्यात चांदी आहे हे कळल्यावर त्यांनीच पाइप टाकून ते डोहाकडे वळवलं. मुद्दाम. आपल्याकडे रांजणात चांदीचा रुपया टाकून ठेवतात ना, पाणी चांगलं राहावं म्हणून. तुमच्या आजीचा रुपया अजून आमच्या रांजणात आहे. त्यांना वाटलं, एवढी चांदी मातीत कशाला घालवायची, तांड्याच्या पाण्यात जाऊ दे, सगळ्यांचं भलं होईल.

तुमचा भाऊ वाईट माणूस नाही, निताबाई. हे मी त्यांची बायको म्हणून लिहीत नाही. पाइपाचं ऐकून मला त्यांची कीवच आली. पुढचं ऐकून मात्र राग आला.

गेल्या माघात शेठचा माणूस आला होता. तो डोह बघून म्हणाला, हे पाणी ओढ्यात सोडू नका, जिवांना चालत नाही. तेव्हापासून यांना माहीत आहे. पाइप काढला तर का काढला ते सांगावं लागेल, आणि तिकडे यांची आई दगडावर बसून बायकांच्या पदरात खेकड्या घालते आहे.

मी म्हणाले, "मग तुम्ही माझा तांब्या काहून सांडत होते?"

ते घमेल्यांपाशी उकिडवे बसले.

"अन् त्या बायका? जीपमधनं येतेत त्या? त्यांचा तांब्या कोण सांडील?"

"चांदी हाय ती, जहर न्हाई," ते म्हणाले. "लोकं मिठाईवर वर्ख खातेत."

"मग प्या," म्हणून मी डोहाच्या घमेल्यातलं पाणी त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. उठून शेडकडे गेले.

आता माझ्यापुढे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे याडी. त्यांना सांगावं तर त्या दगडावरून उठतील आणि पुन्हा कुठं बसतील मला माहीत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या कुणावर ओरडत नाहीत. बायका त्यांच्या पाया पडतात. मला मूल नाही म्हणून ज्या मला बारशाला बोलवत नव्हत्या, त्या आता माझ्या सासूच्या हातून ओटी घेतात. आणि न सांगावं तर त्या पीत राहतील. आकांक्षाला माझा पापा द्या. कुणाचा म्हणून विचारलं तर मामी म्हणा.

सुनिता


भीमसिंग तांडा
९ सप्टेंबर २००७

निताबाई,

तीज झाली. पोरींनी टोपल्यांत गहू पेरले, नाचल्या, गायल्या, सगळं तुमच्या वेळी व्हायचं तसंच. शेवटच्या दिवशी टोपल्या डोहावर बुडवायला नेल्या तेव्हा बाहेरच्या बायकाही आल्या होत्या, जीपा रस्त्याला लागल्या होत्या. याडी सकाळपासून दगडावर. मी दोन्ही घमेली एकावर एक डोक्यावर घेऊन गेले आणि त्यांच्या पुढ्यात मांडली. सगळ्यांसमोर करायचं नव्हतं मला. आदल्या संध्याकाळी घरात सांगायला गेले होते, पण त्या तीजेसाठी शिवलेली नवीन काचोळी अंगाला लावून बघत होत्या आणि मी तशीच परत फिरले. असं ते राहत राहत सगळ्यांसमोर आलं.

याडींनी आधी मला डोळे दाखवले. मग हापशाच्या घमेल्यात हात घातला, कारण खेकडा समोर असला की त्यांचा हात आपोआप जातो. खेकडी उलटी केली. पोट मोकळं. आणि घमेल्याच्या तळाशी पिलं, आता मुगाएवढी झालेली, इकडून तिकडे पळणारी. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं. "कवा सुटली?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी दुसऱ्या घमेल्यातली उचलली, झाकण उघडलं आणि बघत राहिल्या.

"ही कुठल्या पाण्यातली?"

"दोन्हीकडच्या वसरामकाकाच्या मळ्यातल्या. एकाच दिवशी आणल्या. इकडं हापशाचं पाणी हाय, तिकडं या डोहाचं."

पुढचं मला सांगायची गरज पडली नाही. मला वाटलं आता विचारतील, तुला कुणी शिकवलं हे. विचारलं नाही. त्यांनी अंगठ्याच्या नखानं खेकडीच्या पोटाखालची अंडी खरडली. लेकुरवाळीची. माझ्या शेजारच्या बायकांच्या तोंडातून आवाज निघाला. याडींनी ती अंडी तळहातावर घेऊन दुसऱ्या हातानं चोळली, आणि हात उन्हात धरला. नुसती कोरडी टरफलं होती. मग डोहात हात घालून एक काढली, तिचीही खरडली. मग आणखी एक. कुठलीच पळाली नाही, जणू कुणीतरी येऊन बघावं म्हणून थांबल्या होत्या.

"आत काही न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज एवढा लहान होता की मागच्यांना ऐकू गेला नाही. म्हणून उभ्या राहिल्या आणि पुन्हा म्हणाल्या, "बायांनो, या पाण्यात लेकरू न्हाई. म्या तुमाला रिकामी ओटी घातली. ह्ये पाणी कुणी पिऊ नका."

कळमनुरीची पंचफुला म्हणून एक आहे, ती चौथ्यांदा आली होती. ती याडींच्या अंगावर धावून आली नाही, ओरडली नाही. खाली बसली आणि पदर पसरूनच बसून राहिली, उठवलं तरी उठेना. मी तिच्याजवळ जाऊन बसले. माझ्यापाशी तिला द्यायला काही नव्हतं. ती म्हणाली, "अजून दोन महिने कळलं नसतं तर चाललं असतं." मला तिचं म्हणणं कळलं, निताबाई. या जगात मलाच सगळ्यांत जास्त कळलं असेल.

पाइप याडींनी स्वतः कुऱ्हाडीनं तोडला. तुमचा भाऊ समोर उभा होता, अडवलं नाही. माझ्याशी ते बोलत नाहीत. पण शेठचा फोन येतो, आणि कळमनुरीच्या रस्त्याला दुसरी जागा बघताहेत, तिथंही ओढा आहे. हे थांबवायला माझी दोन घमेली पुरणार नाहीत. तुमच्यासारखं कुणीतरी येऊन पाणी तपासून कागदावर सही करायला हवी.

आता काल सकाळचं. मी उजाडताना हापशावर गेले आणि ओट्याच्या अलीकडेच थांबले. सगळा ओटा खेकड्यांनी भरला होता. चढावर, वाटेवर, बैलगाडीच्या चाकोरीत, एकामागं एक, सगळ्यांची तोंडं हापशाकडे. डोहातली शेवटची खेकडीसुद्धा आली असेल. नांग्यांचा बारीक आवाज येत होता, बाकी तांड्यात काही वाजत नव्हतं. प्रत्येकीच्या पोटाखाली तेच, धरून ठेवलेलं.

माझ्या मागून याडी आल्या. त्यांनी हाकललं नाही. हापशाचा दांडा धरला आणि पाणी काढू लागल्या. पाणी ओट्यावरून खेकड्यांवर गेलं, चढावरून खाली गेलं. म्हाताऱ्या हातांनी त्या बराच वेळ हापसत होत्या, मला हात लावू देत नव्हत्या. मग दम लागला म्हणून थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्ये तुला तिनं शिकवलं न्हवं?"

मी व्हय म्हणाले.

"तिला लेकरू हाय का?"

"हाय. आकांक्षा नाव हाय. साव्वं लागलंय."

त्या वर्षांचा हिशोब करत असाव्यात. तुम्ही दारात आला होता तो दिवस त्यांनी मोजून काढला असावा, कारण त्यांचा हात दांड्यावरून खाली आला आणि त्या तिथंच ओल्या ओट्यावर, खेकड्यांच्या मध्ये, बसल्या. म्हणाल्या, "म्या जल्मभर लेकुरवाळी सोडली तिच्या पाण्यात. अन् पोरगी पोटुशी दारात आली तवा कडी लावली."

मग मला म्हणाल्या, लिही. मी म्हणाले, काय लिहू. तर त्या जे म्हणाल्या ते जसंच्या तसं खाली लिहिते, माझं त्यात काही नाही.

"तिला म्हणावं, लेकरू घेऊन ये. घरात आता हापशाचंच पाणी हाय."